आधी ठेच, मग ठणका

काल रात्री अंधारात पायाची करंगळी पलंगाच्या खुराला आपटली. आपटल्याचं तत्क्षणी कळलं. जीव कासावीस करणारा ठणका मात्र किंचित मागून आला. त्या मधल्या क्षणाचं मला फार अप्रूप आहे. स्पर्शाची बातमी नेणारे चेतातंतू जाड, मायलिन नावाच्या स्निग्ध आवरणातले. त्यांतून संदेश सेकंदाला ५० मीटरच्या आसपास धावतो. ठणक्याचे तंतू बारीक, बिनआवरणाचे. वेग सेकंदाला जेमतेम १ मीटर! पाय तर त्याआधीच मागे आला होता, मेंदूला न विचारता, मज्जारज्जूच्याच हुकमाने. मग मी करंगळी चोळत बसले. चोळल्याने खरंच बरं वाटतं: स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूतच वेदनेची वाट अडवतात, असं मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ साली मांडलं. सकाळी नख निळं पडलं होतं.