निळा गालिचा आणि पांढरी माऊ
हॉलसाठी पहिल्यांदा गालिचा घेतला तेव्हा मी अर्ध्या तासात निर्णय घेतला होता. गडद निळा, एकदम प्लेन, मऊमऊ, दुकानात दिव्याखाली असला भारी दिसत होता की बाकीचं काही बघितलंच नाही. घरी आणून पसरला, दोन दिवस येता जाता कौतुक केलं आणि तिसऱ्या दिवशी आमची पांढरी-करडी माऊ त्यावर लोळली. झालं! त्या दिवसापासून माझ्या हातात कायम तो चिकट रोलर. केस, दोरे, कागदाचे कपटे, पंख्यावरून पडलेली धूळ, सगळं त्या निळ्यावर असं उठून दिसायचं की कुणी मुद्दाम मांडून ठेवलंय.

माझा समज असा होता की गडद रंग मळखाऊ असतो. कपड्यांच्या बाबतीत असेलही, पण जमिनीवर पडणारा कचरा बहुतेक फिकट असतो, धूळ करडी, दोरे पांढरे, त्यामुळे काळा किंवा नेव्ही ब्लू गालिचा म्हणजे त्यांच्यासाठी फळाच. अगदी पांढरा घेतला तर उलट, चपलांची माती आणि ओले पाय दिसणार. खरा मळखाऊ म्हणजे मधला रंग, आणि तोही एकसारखा नाही तर मिसळलेला, म्हणजे दोन तीन छटांचे धागे एकत्र असलेला. लांबून एकच रंग वाटतो, जवळ गेलं की ठिपके ठिपके दिसतात. त्या ठिपक्यांत कचरा हरवतो. (साफ होत नाही, हरवतो, एवढं लक्षात ठेवा, झाडणं काही सुटत नाही.)

दुसऱ्यांदा घेताना मात्र मी हट्टच धरला की सॅम्पल घरी आणल्याशिवाय घेणार नाही. नवरा म्हणाला तुकडा काय आणि अख्खा काय, रंग तोच ना? तर नाही. तळहाताएवढ्या तुकड्यावर जो लाल छान वाटतो तो सहा बाय नऊ फुटांवर अंगावर येतो. मोठ्या जागेत रंग जास्त भडक वाटतो. म्हणून तुकडा जमेल तेवढा मोठा मागायचा आणि तो टेबलावर नाही, हातात धरून नाही, जमिनीवर टाकायचा, जिथे गालिचा येणारे तिथेच, आणि उभं राहून बघायचं.

मग उजेड. आमच्या हॉलमध्ये पिवळा दिवा आहे, 2700 केल्विनवाला (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा लहान तितका उजेड पिवळा), आणि दुकानात होते पांढरेफटक, 6500 च्या आसपासचे. दुकानात जो राखाडी मस्त थंड दिसत होता तो आमच्याकडे संध्याकाळी चक्क मातकट दिसला, आणि एक हिरवट तुकडा, जो मी उगाच सोबत आणला होता, तो दिवसा मरगळलेला पण दिव्यात इतका सुंदर की मी जवळजवळ फसले होते. चार दिवस चार तुकडे हॉलमध्ये पडून होते. सकाळी बघायचं, दुपारी बघायचं, दिवे लावून बघायचं. आई आली होती, तिने विचारलं फरशी पुसायला एवढी फडकी कशाला टाकलीयस.

अजून एक गंमत मला आधी माहीतच नव्हती. गालिच्याला लव असते ना, म्हणजे वरचे उभे मऊ धागे, ती एका दिशेला झुकलेली असते. ज्या बाजूने लव आपल्याकडे तोंड करून असते तिथून रंग गडद दिसतो, विरुद्ध बाजूने फिका आणि चमकदार. तोच गालिचा सोफ्यावरून एक रंग आणि दारातून दुसरा! त्यामुळे तुकडा अर्धा फिरवूनही बघा. प्लेन आणि दाट लवेच्या गालिच्यावर पावलं उमटतात तीही याचमुळे, लव आडवी होते आणि तेवढाच भाग वेगळ्या छटेचा दिसतो. मला ते दिवसभर हाताने सरळ करत बसायची सवय लागली होती, हसू नका.

नक्षीबद्दल माझं मत थोडं ठाम आहे. मधोमध मोठं पदक, म्हणजे एकच मोठी गोलसर नक्षी, असलेले गालिचे अप्रतिम असतात पण ते रिकाम्या जागेसाठी. आपण त्याच्यावर सेंटर टेबल ठेवतो, सोफ्याचे पुढचे पाय ठेवतो, मग पदकाचं अर्धं तोंड टेबलाखाली आणि किनार एका बाजूने गायब. फर्निचर वर येणार असेल तर सगळीकडे सारखी पसरलेली नक्षी बरी, कुठूनही झाकली तरी तुटल्यासारखी वाटत नाही. पट्टे घेतलेत तर खोली त्या दिशेला लांब वाटते, पण गालिचा जरा तिरका झाला की लगेच कळतं. आणि सोफ्याच्या कव्हरवर आधीच मोठाली फुलं असतील तर खाली मोठी कोयरी नको, एकाने बोलावं, दुसऱ्याने ऐकावं.

हाताने विणलेला घेणार असाल तर एकाच रंगात मधेच आडवा पट्टा फिका किंवा गडद दिसू शकतो. वेगवेगळ्या वेळी रंगवलेली लोकर वापरली की असं होतं, त्याला अब्राश म्हणतात आणि जाणकारांना ते आवडतं. मी मात्र दोष समजून एक सुंदर गालिचा परत गुंडाळायला लावला होता. अजूनही आठवलं की चुटपुट लागते.

फिक्या, रेशमासारख्या चमकणाऱ्या व्हिस्कोसवर (लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला धागा) माझा जीव जडला होता पण साधं पाणी सांडलं तरी डाग राहतो आणि पिवळटपणा येतो, म्हणून सोडला. धाग्याच्या वेढ्यांचा, म्हणजे लूपवाला, तर माऊच्या नखांमुळे बादच.

शेवटी घेतला तो आखूड लवेचा, क्रीम आणि करडा-तपकिरी मिसळलेला, बारीक चौकटींची अस्पष्ट नक्षी. दुकानात सगळ्यात बोअर दिसणारा तोच होता. रोलर आता आठवड्यातून एकदा निघतो. निळा गेला बेडरूममध्ये, अर्धा पलंगाखाली. माऊला नवीन एकदम पसंत आहे, फक्त संध्याकाळी मंद दिव्यात ती त्यावर झोपली की दिसतच नाही, परवा तिच्या शेपटीवर पाय पडता पडता राहिला.