ब्रागाहून सांतियागो : दोन मार्टिनांच्या वाटेवर

दुमेच्या चर्चमध्ये पोचलो तेव्हा सकाळची मिस्सा उरकली होती आणि एक बाई वेदीवरच्या फुलदाण्यांतलं पाणी बदलत होती. दुमे एकेकाळी वेगळं गाव होतं, आता पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराचाच एक कोपरा. चर्चच्या आसपास जमिनीखाली रोमन वाड्याचे पाये आहेत आणि त्यांवर सहाव्या शतकातल्या बॅसिलिकेचे. ब्रागाचे संत मार्टिन इथेच मठ बांधून राहिले, इथेच आधी मठाधिपती आणि मग बिशप झाले. त्यांची म्हणून दाखवतात ती कोरीव दगडी शवपेटी जवळच्या छोट्या संग्रहालयात आहे. पेटी रिकामी. अस्थी १६०६ साली ब्रागाच्या कॅथेड्रलमध्ये नेल्या.

बरोबरच्यांना इथे यायचंच नव्हतं. चुलतभाऊ सारखा घड्याळ बघत होता. त्याचं म्हणणं, स्पेनमधल्या सांतियागोला, प्रेषित याकोबाच्या कबरीला पायी निघालोय, ती वाट धरायची सोडून हे आडवळण कशाला? वहिनी बाहेर पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होत्या. साताऱ्याच्या बाई तेवढ्या आत माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. बाई निवृत्त शिक्षिका, आषाढीची वारी करणाऱ्या. वहिनींची त्यांची शाळेतली ओळख, त्यावर आमच्यात सामील झालेल्या. "कुणाची समाधी?" त्यांनी हळूच विचारलं. मी म्हटलं, "माझ्या नावाच्या संताची." त्यांनी लगेच हात जोडले.

माझं नाव मार्टिन. आजोबांचंही तेच. आमच्या वसईत थोरल्या नातवाला आजोबांचं नाव मिळतं, तसं मला मिळालं. ओटीवर तसबीर होती : घोड्यावरचा शिपाई तलवारीने आपला झगा मधोमध कापतोय आणि घोड्याच्या पायाशी उघडा भिकारी हात पुढे करून उभा. ११ नोव्हेंबरला आजोबा पहाटेची मिस्सा ऐकून वाडीत जायचे आणि त्या दिवशी फाटकापाशी जो पहिला माणूस दिसेल त्याला घरी आणून जेवू घालायचे. कोण, कुठला, हे विचारायचं नाही, अशी सगळ्यांना ताकीद होती.

तसबिरीतले ते फ्रान्समधल्या तूरचे संत मार्टिन. जन्म सुमारे ३१६ चा, पॅनोनियात, म्हणजे आजच्या हंगेरीतल्या सोम्बाथेयला. रोमन फौजेत होते, तेव्हा आमियाँ शहराच्या वेशीवर झगा फाडून दिला. पुढे फौज सोडली, एकांतात राहिले, ३७१ मध्ये लोकांनी धरून तूरचं बिशप केलं आणि ३९७ साली वारले. दुमेचे मार्टिन त्यांच्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी आले. तेही पॅनोनियाचेच. पूर्वेकडच्या पवित्र स्थळांची यात्रा करून ते समुद्रमार्गे या टोकाला, गॅलिसियाला पोचले. हे दोघे वेगळे आहेत हे मला मोठेपणीच कळलं, आणि कळलं तेव्हापासून या धाकट्यांकडे पायी यायचं मनात होतं.

तूरचे बिशप ग्रेगरी यांनी एक हकिकत लिहून ठेवली आहे. गॅलिसियात तेव्हा स्वेव्ही या जर्मानिक लोकांचं राज्य, राजा एरियन पंथाचा, म्हणजे ख्रिस्ताला देवपित्याच्या बरोबरीचा न मानणारा. त्याचा मुलगा असाध्य दुखण्याने अंथरुणाला खिळला. राजाने मुलाच्या वजनाइतकं सोनं-चांदी तूरला, थोरल्या मार्टिनच्या कबरीकडे पाठवलं. गुण आला नाही, कारण राजाचा स्वतःचा विश्वास डळमळीत होता. मग त्याने पुन्हा माणसं पाठवली. त्यांनी रेशमी वस्त्राचा तुकडा तोलून रात्रभर कबरीवर ठेवला आणि जागरण केलं. सकाळी तोलला तर पारडं खाली गेलं. तो तुकडा गलबतातून गॅलिसियाच्या बंदरात उतरला त्याच दिवशी परदेशातून आलेला एक माणूस तिथे उतरला : धाकटा मार्टिन. मुलगा बरा झाला, राजाने कॅथलिक श्रद्धा पत्करली.

ही गोष्ट मी चालताना बाईंना सांगितली. त्या म्हणाल्या, "म्हणजे नाव आधी पोचलं, माणूस मागून आला." मी काही बोललो नाही. ते वाक्य मात्र दिवसभर माझ्याबरोबर चाललं.

धाकट्या मार्टिनने आपल्या कबरीसाठी लॅटिन ओळी स्वतःच लिहून ठेवल्या होत्या. पॅनोनियात जन्मलो, अफाट समुद्र ओलांडून देवाच्या इशाऱ्याने गॅलिसियाच्या कुशीत आलो, असं सांगून शेवटी ते थोरल्या मार्टिनला म्हणतात : हे कैवाऱ्या, तुझ्या मागून येणारा हा तुझा सेवक मार्टिन, नावाने तोच, योग्यतेने नव्हे, इथे ख्रिस्ताच्या शांतीत विसावतो आहे. ५७२ च्या ब्रागाच्या धर्मसभेत ते अध्यक्षस्थानी होते, एका अख्ख्या राज्याला त्यांनी श्रद्धेवर आणलं, आणि कबरीवर लिहवून घेतलं ते हे. त्या रिकाम्या पेटीसमोर मी मनातल्या मनात या ओळी म्हटल्या आणि आजोबांसाठी एक 'नमो मरिये'.

ब्रागाच्या कॅथेड्रलमध्ये फार थांबलो नाही. गोव्याचे आर्चबिशप आलेशु दी मेनेझिस १६१२ मध्ये इथेच आर्चबिशप होऊन आले, तेवढं आठवलं आणि आपल्याकडची वाट इथवर येते याचं बरं वाटलं. शहराबाहेर संत फ्रुक्तुओसुस यांचं चॅपेल आहे. हेही बिशप, दुमेचे आणि मग ब्रागाचे, सातव्या शतकातले. याच नावाचे तारागोनाचे बिशप २५९ साली जिवंत जाळले गेले, ते वेगळे. या फ्रुक्तुओसुसांच्या अस्थी ११०२ मध्ये सांतियागोच्या बिशपाने इथून गुपचूप उचलून नेल्या आणि त्या १९६६ ला परत आल्या. आम्ही निघालो होतो त्याच वाटेने त्या गेल्या असतील.

पुढचे दिवस एकमेकांत मिसळले आहेत. निलगिरीचा वास, वाट दाखवणारे पिवळे बाण, ग्रॅनाइटच्या खांबांवर चढवलेले द्राक्षवेल, पहाटेची रोजरी. पोंत द लिमाचा पूल लोक मुद्दाम बघायला येतात, आम्ही तो पावसात ओलांडला. वाटेत तिठ्यांवर आणि झऱ्यांपाशी मृतांच्या आत्म्यांसाठी बांधलेले छोटे दगडी कोनाडे दिसत, आत मेणबत्ती. धाकट्या मार्टिनने खेडुतांना उद्देशून एक प्रवचन लिहिलं होतं. दगडांपाशी, झाडांपाशी, झऱ्यांपाशी, तिठ्यांवर मेणबत्त्या कशाला लावता, असं त्यात रागावून विचारलंय. आता त्याच तिठ्यांवर क्रूस आहेत आणि मेणबत्त्याही आहेत. मी दोन-तीन ठिकाणी लावल्या. त्यांनी रागावलं असतं असं मला वाटत नाही.

लाब्रुजाचा चढ सगळ्यांनी धसका घ्यावा असाच आहे. चढ निभावला, पण उताराने घात केला. ओल्या मोज्यात डावी करंगळी दर पावलाला बुटाच्या टोकावर आपटत होती. आधी जळजळ, मग आत पाणी धरल्याचं कळलं, मग ते फुटल्याचंही कळलं. टाच आधीच सोललेली. मंडळी पुढे गेली होती. बाई तेवढ्या मागे वळून म्हणाल्या, "माउली, पाय दुखला की नाव जास्त घ्यायचं," आणि झपाझप निघून गेल्या. मला संताप आला. पंढरीच्या वाटेवर त्यांनी हे शेकडोंना सांगितलं असेल, मला नको होतं. मी लितानी, म्हणजे एकेका संताचं नाव घेत करायची विनवणी, म्हणायला घेतली आणि चार नावांनंतर सोडून दिली.

वळणावर एक दगडी घर होतं. अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली काळ्या कपड्यांतली एक म्हातारी मांडीवर टोपलं घेऊन मटार सोलत होती. माझी चाल बघून ती उठली, काहीतरी दरडावून बोलली आणि लाकडी स्टुलाकडे बोट केलं. मी बसलो. तिने माझ्याच हाताने बूट काढवला. मोजा रक्ताने बोटाला चिकटला होता, तो ओढू लागलो तर माझ्या मनगटावर चापट मारली. घंगाळभर कोमट पाणी आणलं, त्यात मूठभर जाडं मीठ टाकलं आणि मोज्यासकट पाय आत ठेवायला लावला. मिठाचं पाणी सोललेल्या कातडीला लागलं तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली. ती परत जाऊन मटार सोलू लागली. मध्ये एकदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बऱ्याच वेळाने मोजा आपसूक सुटला.

पाय उन्हात सुकवून झाल्यावर तिने आतून एक गोणपाट आणलं. त्यात मेंढीची कातरलेली लोकर होती, न धुतलेली, तेलकट, मेंढराच्या वासाची, मधून मधून काड्या अडकलेल्या. तिने त्यातला झुपका घेतला, काड्या वेचल्या, बोटांनी विंचरून लांब पेळू केला आणि करंगळीभोवती, मग दोन बोटांच्या मधून, मग पुन्हा करंगळीभोवती गुंडाळला. टाचेलाही तसंच. वर कोरडा मोजा. बूट घालून उभं राहायला सांगितलं. मी उभा राहिलो. दुखत होतं, पण घासत नव्हतं. तिने आणखी एक झुपका माझ्या खिशात कोंबला आणि उद्यासाठी, अशी खूण केली.

मग मक्याचा जाड पाव आणि ऑलिव्ह दिले. नाव विचारलं. मी सांगितल्यावर तिचा चेहरा एकदम खुलला. चेस्टनट भाजायची आणि नवी वाइन चाखायची खूण करून ती हसली. ११ नोव्हेंबरला पोर्तुगालमध्ये घरोघरी तेच करतात. म्हणजे ब्रागाच्या इतक्या जवळ राहूनही तिचा मार्टिन तूरचा, माझ्या आजोबांचाच. निघताना मी पैसे काढले तर तिने पाकीट माझ्या हातासकट मिटवून टाकलं. आत जाऊन एक फोटो आणला. मुलगा फ्रान्समध्ये बांधकामावर आहे, एवढं समजलं. तिने त्याचं नाव तीनदा उच्चारलं, मला उच्चारायला लावलं, आणि सांतियागोच्या दिशेने बोट केलं.

त्या संध्याकाळी धर्मशाळेत माझ्या वाट्याला दाराजवळचा वरचा पलंग आला. कुणी खालचा धरून ठेवला नव्हता. रात्रभर दार वाजत होतं, पहाटे साडेचारला कुणी डोक्यावरची बॅटरी माझ्या तोंडावर मारली. चुलतभाऊ किती किलोमीटर झाले ते मोबाईलवर मोठ्याने वाचून दाखवत होता. मी कुणाशी धड बोललो नाही. लोकर बदलली आणि चालू लागलो. वालेन्साच्या पुलावर, खाली मिन्यो नदी, पलीकडे स्पेन, तेव्हा माझ्याही नकळत तोंडात लितानी आली होती : संत मार्टिन, आमच्यासाठी विनंती कर. कुठले मार्टिन, हे मी ठरवलं नाही. मागून बाईंचा हरिपाठ ऐकू येत होता. मला तो आवडू लागला होता.

तुई, रेदोंदेला, पोंतेवेद्रा. पोरिन्योच्या कारखान्यांमधून जाणारा सरळ डांबरी रस्ता कुणाच्याही भक्तीची परीक्षा बघेल असा. काल्दासच्या गरम झऱ्यात सगळ्यांनी पाय बुडवले, मी लोकर भिजेल म्हणून नाही.

सांतियागो जवळ येऊ लागलं तसा प्रिसिलियनचा विषय निघाला. आविलाचा हा बिशप पाखंडी ठरला आणि सम्राट मॅक्सिमसने ३८५ साली त्याचा शिरच्छेद केला. सांतियागोच्या कबरीत प्रेषित याकोब नसून तोच आहे, असं म्हणणारे अभ्यासकही आहेत. मला ते पटत नाही. त्याच्या मृत्यूची गोष्ट मात्र अस्वस्थ करते. तूरचे मार्टिन त्याच्या शिकवणीच्या विरोधात होते, तरी रक्त सांडू नका म्हणून सम्राटाची विनवणी करायला ते स्वतः ट्रियरला गेले. शब्द मिळाला, पण पाठ फिरताच तो मोडला. त्यानंतर मरेपर्यंत ते बिशपांच्या एकाही सभेला गेले नाहीत. पुढे ५६१ च्या ब्रागाच्या सभेत त्याच शिकवणीचा निषेध झाला, तेव्हा दुमेचे मार्टिन हजर होते. त्यांनी फक्त ठराव केले, मान कुणाची कापली नाही. थोरल्याने रडून मागितलेलं धाकट्याच्या काळात तरी पाळलं गेलं, असं मला वाटतं, आणि म्हणून धाकट्याच्या कबरीवरच्या ओळींतल्या नम्रतेला मी नुसती रीत समजत नाही.

कॅथेड्रलमध्ये रांग होती, प्रेषितांच्या पुतळ्याला मिठी मारली, कबरीपुढे गुडघे टेकले, बाईंनी साष्टांग घातलं. उत्तरेच्या दाराने बाहेर पडलं की समोरच सान मार्तिन्यो पिनारिओचा मठ उभा आहे, आणि दर्शनी भिंतीच्या अगदी माथ्यावर घोड्यावरचा शिपाई, तलवार, झगा, भिकारी. ओटीवरची तसबीरच. मी तिथे रस्त्यात उभा राहून रडलो. आत चर्चमध्ये म्हातारीच्या मुलाचं नाव घेतलं, तिने घेतलं तसं तीनदा.

यात्रेकरूंच्या कार्यालयात कंपोस्टेलावर, म्हणजे यात्रा पुरी केल्याच्या दाखल्यावर, नाव लॅटिनमध्ये लिहून देतात, आणि मृत किंवा आजारी माणसाच्या वतीने चालला असाल तर तसं त्यावर नोंदवतात. मी कागदावर दोन्ही नावं लिहून दिली. पलीकडच्या मुलीला वाटलं मी चुकून एकच नाव दोनदा लिहिलंय. मी म्हटलं, "नाही, दुसरे माझे आजोबा. त्यांच्या वतीने." तिने मान हलवली आणि आधी माझं, मग त्यांचं असं लिहिलं. मी कागद ठेवायला नळी विकत घेतली. बाहेर सगळे जेवायला खोळंबले होते, आणि चुलतभाऊ घड्याळ बघत होता.