पद : इतर

शैक्षणिक तंत्रज्ञान परिषदेच्या नोंदणी अर्जात ‘पद’ या रकान्यावर बोट ठेवलं की यादी उघडायची. शिक्षक, मुख्याध्यापक, संस्थाचालक, विक्रेता. शाळेचा ग्रंथपाल काही त्यात नव्हता. दोनदा वर-खाली करून पाहिलं आणि शेवटी ‘इतर’ निवडलं. परिषदेच्या दिवशी गळ्यात अडकवायला ओळखपत्र मिळालं, त्यावर माझ्या नावाखाली ठळक अक्षरांत तोच शब्द. स्टॉलवरची पोरं आधी ओळखपत्र वाचायची, मग चेहरा. मुख्याध्यापकाला खुर्ची मिळे, शिक्षकाला माहितीपत्रक. ‘इतर’ला काय द्यायचं हे त्यांना कुणी शिकवलं नसावं.

मला राग यायला हवा होता. पण ‘इतर’ हा तर आमच्याच धंद्यातला शब्द! मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालानं १८७६ साली पुस्तकं लावण्यासाठी ज्ञानाचे दहा वर्ग पाडले आणि त्यांना आकडे दिले. त्यातल्या साहित्याच्या आळीत इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, इटालियन अशा मोजक्या युरोपीय भाषांना स्वतंत्र घरं, आणि जगातल्या बाकीच्या भाषांना मिळून ८९० ही एक खोली. मराठी साहित्याचा वर्गांक आजही ८९१.४६ आहे. धर्मांचंही तसंच, २२० ते २८० ख्रिस्ती धर्म आणि उरलेले सगळे २९० मध्ये दाटीवाटीनं. पुस्तकांच्या पाठीवर ही लेबलं मी इतकी वर्षं मुकाट्यानं चिकटवत आले. आता एक माझ्या गळ्यात आलं, एवढंच.

संगणकाची कथा तर आणखी मजेशीर. ड्यूईला तो स्वप्नातही दिसला नव्हता, त्यामुळे दहाही वर्गांत त्याची सोय नव्हती. मग ज्ञानकोश, नियतकालिकं असे कुठेच न बसणारे विषय जिथे राहतात, त्या शून्याच्या वर्गात ००४ ते ००६ हे अंक त्याला दिले गेले. कृत्रिम बुद्धिमत्ता ००६.३. आणि ग्रंथालयशास्त्र? ०२०. म्हणजे ज्यांच्यासाठी हा सगळा झगमगाट होता, ते माझे शेजारी निघाले. दोघंही उपरे, एकाच ओसरीवर. मी जरा ऐटीतच फिरू लागले.

एका स्टॉलवर मुलांना पुस्तकं सुचवणारा चॅटबॉट होता. ‘काहीही विचारा, मॅडम.’ मी विचारलं, अडखळत बोलणाऱ्या, वाचनाचा कंटाळा असलेल्या दहा वर्षांच्या मुलाला काय देऊ? क्षणात पाच पुस्तकं आली. लेखक, प्रकाशक, आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सगळं कसं नेटकं. तीन ओळखीची होती. उरलेल्या दोन पुस्तकांची नावं इतकी सुंदर की ती माझ्या कपाटात नसल्याची मलाच लाज वाटली. पण सवय जात नाही. २००७ पासून आयएसबीएन तेरा अंकी झाला, आणि त्यात एक छोटी चोरखूण असते. दुसऱ्या अंकापासून एकाआड एक अंकाला ३ नं गुणायचं, बाकीचे तसेच ठेवायचे. सगळ्यांची बेरीज १० नं नि:शेष भागली गेली पाहिजे. माहितीपत्रकाच्या पाठीवर आकडेमोड केली. एका पुस्तकाची बेरीज ९३ आली. दुसऱ्याची बरोबर आली, पण दहांत एकदा तर ती थापेबाजाचीही बरोबर येते. मोबाइलवर शोधलं. दोन्ही पुस्तकं कुणी लिहिलेलीच नव्हती.

‘सुधारतंय ते, मॅडम,’ तो मुलगा म्हणाला. खरंही असेल. मी मात्र तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. आठवीच्या वर्गाला बेरीज करायला देईन.

पुढच्या स्टॉलवर मी खरी रेंगाळले. तिथलं वाचन-ॲप मुलानं कोणतं पान किती सेकंद वाचलं, कुठे थांबला, कुठे सोडून दिलं, सगळं जपून ठेवत होतं आणि शिक्षकाला रंगीत आलेख दाखवत होतं. आलेख देखणा होता, नाही म्हणणार नाही. पण मला पुस्तकांच्या देवघेवीची आमची जुनी ब्राउन पद्धत आठवली. पुस्तकातलं कार्ड काढून वाचकाच्या तिकिटात सरकवायचं आणि परतीच्या तारखेखाली ट्रेमध्ये उभं करायचं. पुस्तक परत आलं की कार्ड पुस्तकात, तिकीट वाचकाच्या हातात. कोणी काय वाचलं याची नोंद त्या क्षणी मोडायची. हिशेबाच्या दृष्टीनं हा दोषच, परीक्षेत आम्ही तो ‘मर्यादा’ म्हणून लिहायचो. पण आईवडील वेगळे होण्याविषयीचं पुस्तक एका मुलीनं इतर दोन पुस्तकांच्या मध्ये लपवून माझ्या टेबलावर ठेवलं होतं, त्या दिवशी ती मर्यादा फार कामाला आली. या ॲपमध्ये ती मुलगी नेमकी कोणत्या पानावर थांबली हे दिसलं असतं. मी विचारलं, ‘यात विसरायचं बटण कुठे आहे?’ स्टॉलवरच्या मुलानं प्रश्न वहीत लिहून घेतला. बटण होतं की नाही ते त्यालाही माहीत नव्हतं.

निघताना अभिप्रायाचा अर्ज मोबाइलवर आला. पुन्हा ‘पद’, पुन्हा तीच यादी. ‘इतर’वर बोट ठेवलं तशी या वेळी खाली एक चौकट उघडली : कृपया स्पष्ट करा. जागा बेताचीच होती. मी लिहिलं, ‘०२०. आपली शेजारीण.’