आमची वाटचाल: कल्हई न धरलेला रॉड

गॅरेज सुरू झालं तेव्हा आम्ही दोघंच होतो, मी आणि उस्ताद. माझ्याकडे पान्यांचा सेट आणि उधारीचं भांडवल, त्यांच्याकडे लेथ आणि तीस वर्षांचा हात. जुन्या गाड्यांचीच कामं घ्यायची हे पहिल्या दिवशी ठरलं. पुढची बारा वर्षं इंजिनं उतरवण्या-चढवण्यात गेली. लिहायचं आहे ते जुन्या गाड्यांच्या एका रॅलीबद्दल, कारण तिच्याविषयी आजही चुकीचं बोललं जातं.

वकीलसाहेबांची 1930 ची फोर्ड मॉडेल ए. चार सिलिंडर, 3.3 लिटर, 40 अश्वशक्ती. रॅली दहा दिवसांत अडीच हजार किलोमीटरची, मध्ये मोठे घाट. या इंजिनात बाजारातून आणून बसवायची शेल बेअरिंगं नसतात, पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडमध्येच व्हाईट मेटल, म्हणजे कथलाचा मऊ मिश्रधातू, ओततात. रॉडच्या टोपणाची चमची तेलात बुडते आणि उडालेल्या तेलावर बेअरिंग चालतं. म्हणजे ओतकाम पक्कं हवं.

नेमकं तेव्हाच उस्तादांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तारीख तोंडावर आलेली, म्हणून चारही रॉड एका मोठ्या वर्कशॉपला ओतायला दिले. आले ते आरशासारखे. मी शिम (पातळ पत्र्या) लावून क्लिअरन्स, म्हणजे फट, पाहिली, बरोबर दीड थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). आतली पकड तपासली नाही, ती चूक माझी.

तिसऱ्या दिवशी चढावर तिसरा रॉड वाजायला लागला. गाडी रॅलीतून काढावी लागली. चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उघडलं तर तळाशी व्हाईट मेटलचे पापुद्रे, आणि पापुद्रा सुटलेल्या जागी रॉडचं लोखंड कोरं काळं. मेटल लोखंडाला पकडून ठेवणारी कल्हई धरलीच नव्हती! वर्कशॉपने मात्र सगळीकडे सांगितलं की आम्ही बेअरिंग आवळून बसवलं, तेल पातळ घातलं. वर्षभरात तीन गिऱ्हाइकांनी गाड्या उचलून नेल्या. दुसरा लेथ विकला, पोरांचे पगार थकले. त्या लोकांनी चूक आजवर कबूल केलेली नाही.

वकीलसाहेबांनी गाडी ओढून आमच्याच दारात आणली. म्हणाले, "इंजिन पुन्हा तुम्हीच बांधा. या वेळी बाहेर काही द्यायचं नाही." आणि आगाऊ रक्कम टेबलावर ठेवली.

मग ओतकाम आम्हीच शिकलो. जुना धातू वितळवून काढायचा, रॉड घासून लख्ख करायचा, फ्लक्स लावून कल्हई करायची, रॉड गरम असतानाच मेटल एका धारेत ओतायचं. हात थांबला की काम गेलं. गार झाला की दोरीला टांगून हलकेच ठोकायचं. घंटेसारखा खणखणीत वाजला तर पकड आहे, भद्द वाजला तर आत पोकळी. मग रात्रभर रॉकेलमध्ये ठेवून सकाळी कोरडा पुसायचा आणि सांध्यावर खडू घासायचा. खडू ओला झाला की पुन्हा वितळवायचं. आमचे पहिले अकरा रॉड असेच गेले. शेवटी उस्तादांनी निळा (उंचवटे दाखवणारा रंग) लावून स्क्रेपरने एकेक उंचवटा उतरवला.

नव्या मंडळींना एक सांगतो. रॅलीआधी क्रोम आणि रंगावर पैसा घालू नका. रबराचे जुने होज बदला, आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ते खातं. चारही ब्रेकचे रॉड सारखे ओढतात का पाहा. पाचशे किलोमीटर गाडी आधी स्वतः चालवा. सोबत इग्निशनचे पॉइंट, कंडेन्सर, पॅकिंग, स्प्लिट पिना आणि तार घ्या. 1907 च्या पेकिंग ते पॅरिस शर्यतीत प्रिन्स बोर्गेसेच्या इटालाचं लाकडी चाक रशियात मोडलं, ते तिथल्या सुताराने कुऱ्हाडीने नवं घडवलं, आणि पॅरिसला पहिली पोचली ती तीच गाडी. वाटेत दुरुस्त होईल अशीच गाडी बांधावी, हे माझं ठाम मत आहे.

पुढच्या वर्षी तीच रॅली, तीच गाडी. दहाही दिवस चालली. परतल्यावर वकीलसाहेबांसमोरच चेंबर उतरवलं. उस्तादांनी तळावरून बोट फिरवलं आणि साहेबांनी पुढे केलेल्या पांढऱ्या रुमालाला पुसलं. रुमालावर नुसतं काळं तेल, चमकणारा एक कण नाही.