कोपऱ्यात कोण बसणार?

दुपारची जेवणं आटोपली की हॉलच्या फरशीवर सोफ्याच्या मापाने जुने पेपर पसरायचे, चिकटपट्टीने जोडायचे आणि चार दिवस त्यांच्या कडेकडेने चालून बघायचं. एल शेपचा सोफा घ्यायचा असेल तर हा खुळेपणा करावाच. दुकानात सोफा लहान दिसतो, कारण तिथे हॉल नसतो, गोदाम असतं.

माप काढायची आपली लाडकी पळवाट म्हणजे फरशा मोजणं. दोन बाय दोनच्या फरशा, लांबीला आठ, रुंदीला पाच. झाला हॉल 16 बाय 10. पण ती फरशी असते 600 मिलिमीटरची, दोन फुटांना जेमतेम अर्धा इंच कमी पडणारी. आठ फरशांत तीन इंच गेले. सोफा नेमका त्याच तीन इंचांवर, बाल्कनीच्या दाराच्या चौकटीला अडतो. टेप लावा.

अशा हॉलमध्ये लांब भिंतीला 9 फूट आणि आडवी बाजू 6 फूट, याहून मोठा सोफा नको. दहातून सहा गेले, टीव्ही युनिटचे दीड गेले, राहिले अडीच. हातात ताट असेल तर तेवढ्यातून जेमतेम जाता येतं. म्हणून ती आडवी बाजू बाल्कनीकडे असावी. स्वयंपाकघराच्या वाटेवर आली की घरातल्या प्रत्येकाच्या नडगीला तिची ओळख होते. ऑर्डर देताना आडव्या बाजूसाठी नुसतं 'उजवा' म्हणू नये. सोफ्यावर बसून उजवा की सोफ्यासमोर उभं राहून उजवा, यावर दुकानदाराचं आणि गिऱ्हाइकाचं एकमत असेलच असं नाही. कागदावर चित्र काढून त्यावर त्याची सही घ्यावी.

दाराचंही माप टेपनेच घ्यावं. सोफ्याची खोली 38 इंच, पाठीची उंची 34. यातलं जे कमी ते दाराच्या मोकळ्या मापातून जायला हवं, आणि उघडलेलं दारही त्यातले दोन इंच खातं. लिफ्टचा दरवाजा बहुधा 80 सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच. तिथून 34 जात नाहीत. मग जिना, आणि जिन्याच्या वळणावर चार हमालांची चार मतं.

सोफा भिंतीला चिकटवू नये, तीन इंच सोडावेत. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते आणि पाठीमागच्या कापडावर बुरशी धरते. पाय निदान पाच इंचांचे हवेत. केरसुणी आत गेली नाही तर खाली झुरळांची वसाहत.

आता कोपरा. सहा जणांचा म्हणून विकलेल्या या सोफ्यावर बसतात पाच. कोपऱ्यात बसलेल्याचे गुडघे दोन्ही शेजाऱ्यांच्या गुडघ्यांशी भांडतात. तिथे मग दोरीवरून काढलेले, घडी न घातलेले कपडे मुक्कामाला येतात. वाड्यातल्या बैठकीत ही अडचण नव्हती. दोन भिंतींना गाद्या, कोपऱ्यात लोड, माणसं वाढली की तक्के सरकवायचे. बैठकीनंतर आला दिवाण. फारसी दिवाण म्हणजे आधी दफ्तर, मग दरबार. बसायच्या फळीला ते नाव मागून चिकटलं. आपल्या घरातल्या दिवाणाने निदान पोटात पाहुण्यांच्या गाद्या तरी सांभाळल्या.

या सोफ्याचा खरा कस लागतो सत्यनारायणाच्या दिवशी. चौरंग, त्याला बांधलेले केळीचे खुंट, यजमानांचे दोन पाट, गुरुजी: सहा बाय सहा फूट मोकळी जमीन हवीच. म्हणून एकसंध सोफा घेऊच नये. खालून लोखंडी क्लिपांनी अडकवलेले सुटे भाग घ्यावेत आणि आडव्या बाजूला लाउंजरऐवजी, म्हणजे पाय पसरायच्या जोडलेल्या लांब भागाऐवजी, सुटं ऑटोमन, म्हणजे बिनपाठीचं बसकं. ते उचलून बेडरूममध्ये टाकलं की हॉल परत हॉल होतो.

फोम 40 डेन्सिटीचा (घनमीटरला 40 किलो) मागावा, रंग मळखाऊ. त्यावर फार बोलण्यासारखं काही नाही.

बैठकीची उंची आणि खोली मात्र बघावी. पाय पसरून टीव्ही बघायला 24 इंच खोल आणि 15 इंच उंच बैठक झकास वाटते. दुखऱ्या गुडघ्यांच्या आजींना तिच्यातून उठता येत नाही; त्यांना 18 इंच उंची आणि फार तर 21 इंच खोली लागते. हाताला धरून उठवावं लागलं की त्या पुन्हा तिथे बसत नाहीत. काही न बोलता बाल्कनीतली प्लास्टिकची खुर्ची आणून सोफ्याच्या कडेला ठेवतात. पसरलेल्या पेपरांत त्या खुर्चीची जागा कुणी धरलेली नसते.