आजोबा ‘रणगाड्यावर’ होते, पण कुठल्या रेजिमेंटमध्ये?

घराघरांत ऐकू येतं ते एवढंच: आजोबा रणगाड्यावर होते, पासष्टच्या लढाईत होते, नगरला होते. यातलं ‘नगरला होते’ सगळ्यात फसवं. अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, इथं चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि रेकॉर्ड ऑफिसही. या दलातला जवान कधी ना कधी नगरला असतोच. त्यावरून लढाईच्या वेळी तो कुठे होता याचा काहीच पत्ता लागत नाही. आधी शोधायची ती रेजिमेंट. ती सापडली की रणगाडा कोणता, आघाडी कोणती, तारखा कोणत्या हे सगळं मागोमाग येतं. ती सापडली नाही तर वर्षभर पत्रं लिहूनही हाती काही लागत नाही.

पहिली पायरी म्हणजे हुद्दा नीट वाचणं. चिलखती दलात शिपायाला सवार म्हणतात, हवालदाराला दफेदार, नाईकाला लान्स दफेदार आणि सुभेदाराला रिसालदार. साधारण १९६५ पर्यंत नायब रिसालदाराच्या जागी जमादार हा हुद्दा होता. त्यामुळे घरात सगळे ‘रणगाडा’ म्हणत असले आणि डिस्चार्ज बुकात ‘हवालदार’ किंवा ‘क्राफ्ट्समन’ लिहिलेलं असलं, तर आजोबा चिलखती दलाचे नव्हतेच. क्राफ्ट्समन म्हणजे ईएमई, लष्कराचं यंत्रदुरुस्तीचं दल. प्रत्येक रणगाडा रेजिमेंटला ईएमईची एक छोटी तुकडी, लाइट एड डिटॅचमेंट, जोडलेली असते. बंद पडलेला किंवा मार खाल्लेला रणगाडा ओढून आणायचा आणि शक्यतो रात्रीतून पुन्हा उभा करायचा, हे तिचं काम. ही माणसं रेजिमेंटबरोबरच राहतात, तिथंच जेवतात, तोफमाराही तोच सोसतात, पण त्यांचे कागद सिकंदराबादच्या ईएमई रेकॉर्ड्समध्ये असतात. नगरला पत्र पाठवलं तर ‘नोंद आढळत नाही’ असं उत्तर येतं आणि घरच्यांना वाटतं, कागद जळाले.

असे आणखी दोन गोंधळ नेहमी होतात. सिग्नल्सचा, म्हणजे संदेशवहन दलाचा, माणूस असेल तर कागद जबलपूरला. आणि ‘टँक’ ही आठवण रणगाडाविरोधी तोफेचीही असू शकते. १९६५ साली पायदळाच्या पलटणींकडे जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफा होत्या. असल उत्तरला अब्दुल हमीद यांनी पाकिस्तानचे पॅटन रणगाडे फोडले ते अशाच तोफेने, आणि ते होते ४ ग्रेनेडियर्सचे, म्हणजे पायदळाचे. मराठा लाइट इन्फंट्रीतल्या आजोबांच्या तोंडी टँकच्या गोष्टी असतील तर बेळगावचं रेकॉर्ड ऑफिस गाठायचं. तोफखान्याचं आहे नाशिक रोड कॅम्पला. महायुद्धात तर खुद्द मराठ्यांची रणगाडाविरोधी रेजिमेंट होती. ४ मराठा अँटी-टँक ही इटलीत ८ व्या भारतीय डिव्हिजनबरोबर लढली. अशा आजोबांच्या बोलण्यात टँक येणारच.

हुद्द्यानंतर नंबर. स्वातंत्र्यानंतरच्या सात आकडी आर्मी नंबरात पहिले दोन आकडे बोलके असतात: १० म्हणजे बहुधा चिलखती दल, २७ म्हणजे मराठा, ७० म्हणजे ईएमई. जेसी (ज्युनियर कमिशन्ड) ही अक्षरं लागलेला नंबर पदोन्नतीनंतर मिळालेला असतो. त्याच्या आधीचा जवानाचा नंबर वेगळा, आणि पत्रात दोन्ही द्यावे लागतात. हे सापडतं डिस्चार्ज बुकात किंवा पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर. पीपीओ क्रमांकाच्या सुरुवातीचं अक्षरही बघा. एस असेल तर साधी सेवा पेन्शन, एफ असेल तर आजीला मिळालेली कुटुंब पेन्शन, डी असेल तर अपंगत्वाची. डी दिसला की जखमेची किंवा आजाराची वैद्यकीय मंडळाची नोंद कधी ना कधी झालेली आहे हे नक्की, आणि ती वेगळी मागायची. घरात काहीच उरलं नसेल तर आजीचं पेन्शन ज्या बँकेत येत होतं तिथं आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. माजी सैनिकाचं ओळखपत्र काढताना भरलेला अर्ज तिथं असतो, त्यावर नंबर आणि युनिट दोन्ही मिळतात.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. पूना हॉर्स आणि डेक्कन हॉर्स ही नावं ऐकून मराठी माणसाची छाती उगाच फुगते. पूना हॉर्सची मुळं १८१७ सालच्या पुण्यात आहेत हे खरं, पण भरती पुढे उत्तरेतल्या समाजांची झाली. महायुद्धात तर रेजिमेंटच्या कोणत्या स्क्वॉड्रनमध्ये (तुकडीत) कोणत्या समाजाचे लोक घ्यायचे हे ठरलेलं असे. त्यामुळे आजोबा पुण्याचे म्हणून पूना हॉर्सचे, असा हिशेब मांडू नका.

आता फोटो. रणगाड्यासमोरचा एखादा फोटो असला तर माणसाआधी रणगाड्याच्या चाकांकडे बघा. सेंच्युरियनला बाजूला सहा चाकं असतात, पण कडेच्या लोखंडी पत्र्यांनी ती अर्धी झाकलेली असतात. शर्मन उंच. त्याची चाकं दोन-दोनच्या तीन जोड्यांत, प्रत्येक जोडीच्या मध्ये स्प्रिंगचा ठोकळा. स्टुअर्टला तशाच दोन जोड्या आणि मागे जमिनीला टेकलेलं मोठं चाक. ली किंवा ग्रँटची मोठी तोफ वरच्या बुरुजात नसते, उजव्या कुशीतून बाहेर आलेली असते. एएमएक्स-१३ ला पाच चाकं. त्याचा बुरुज दोन तुकड्यांचा, तोफ वरखाली करायची तर वरचा भाग अख्खा हलतो. पीटी-७६ होडीसारखा चपटा आणि सहा चाकी. टी-५४ आणि टी-५५ ला पाच चाकं, आणि पहिल्या-दुसऱ्या चाकामधली फट इतरांपेक्षा ठळकपणे मोठी. विजयंता लांबून सेंच्युरियनसारखा वाटतो. पण तो फोटोत असेल तर फोटो पासष्टच्या लढाईनंतरचा. नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये यातले बरेच प्रत्यक्ष उभे आहेत. फोटो हातात घेऊन तिथं फेरी मारली की शंका उरत नाही. फक्त एक लक्षात ठेवा: लढाईत पकडून आणलेल्या पॅटनवर चढून फोटो काढायची तेव्हा हौसच होती. पॅटनवरचे आजोबा पॅटन चालवत नव्हते.

रणगाडा ओळखला की रेजिमेंटची यादी आपोआप आखडते. १९६५ च्या सप्टेंबरात सियालकोट आघाडीवर १ चिलखती डिव्हिजन होती. तिच्यात ४ हॉर्स, १६ कॅव्हलरी आणि १७ हॉर्स म्हणजे पूना हॉर्स या सेंच्युरियनवाल्या, तर ६२ कॅव्हलरीकडे शर्मन. फिल्लोरा ११ सप्टेंबरला पडलं. पूना हॉर्सचे कमांडंट, मुंबईत जन्मलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर, १६ तारखेला बुतुर डोगरांदीजवळ कामी आले. खेमकरणकडे, ८ ते १० सप्टेंबरच्या असल उत्तरच्या लढाईत ३ कॅव्हलरीचे सेंच्युरियन, ८ कॅव्हलरीचे एएमएक्स-१३ आणि डेक्कन हॉर्सचे शर्मन होते. छांबला पहिल्या दिवशी, १ सप्टेंबरला, पॅटनच्या लोंढ्यापुढे उभ्या राहिल्या त्या २० लान्सर्सच्या एएमएक्स-१३. म्हणजे एएमएक्सवरचे आजोबा आणि पासष्ट साल एवढं जमलं तरी दोनच दारं ठोठवायची उरतात. एकाहत्तरला छांबच्या डेक्कन हॉर्सकडे टी-५४ आलेले होते आणि ७२ आर्मर्ड रेजिमेंटकडे टी-५५. बसंतरला ४ हॉर्स आणि पूना हॉर्स अजून सेंच्युरियनवरच होत्या. पूर्वेला गरीबपूरची लढाई ४५ कॅव्हलरीच्या पीटी-७६ नी केली, तीही युद्धाची घोषणा व्हायच्या आधी, नोव्हेंबरात.

रेजिमेंट मिळाली म्हणजे आजोबा रणगाड्याच्या आतच होते असंही नाही. हिशेब सोपा आहे. तेव्हाच्या रेजिमेंटमध्ये ४५ रणगाडे: तीन स्क्वॉड्रनचे १४-१४ आणि मुख्यालयाचे ३. सेंच्युरियनमध्ये माणसं चार: कमांडर, गनर, ड्रायव्हर आणि रेडिओ सांभाळत गोळे भरणारा ऑपरेटर. म्हणजे आत बसणारे १८०. बाकीचे इशेलॉनमध्ये, म्हणजे मागच्या पुरवठा तुकडीत: दारूगोळा आणि तेलाच्या गाड्यांवर, लंगरात, कार्यालयात. शर्मनला पाच लागत, एएमएक्स-१३ आणि पीटी-७६ ला तीनच. डिस्चार्ज बुकात ट्रेडच्या रकान्यात ड्रायव्हर, गनर की ऑपरेटर हे लिहिलेलं असतं. तिथं क्लार्क लिहिलेलं असेल तर नातवंडांनी हिरमुसून जाऊ नये. तेलाच्या गाड्या विमानांना रणगाड्यांपेक्षा सोपं सावज वाटत.

पदकं असतील तर त्यांना चिंच किंवा पितांबरी लावू नका. स्वातंत्र्यानंतरच्या भारतीय पदकांच्या कडेवर किंवा मागे नंबर, हुद्दा, नाव आणि युनिट कोरलेलं असतं, आणि घासून चकाचक केलेल्या पदकावरचं पहिलं तेच जातं. टॉर्च बाजूने, जवळजवळ आडवा धरून भिंगातून वाचा. सरळ उजेडात अक्षरं दिसत नाहीत. १९६५ चं रक्षा पदक त्या वेळी सेवेत असलेल्यांना सरसकट मिळालं, त्यावरून आघाडी सिद्ध होत नाही. समर सेवा स्टार असेल तर प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्रात होते. एकाहत्तरला तोच फरक संग्राम पदक आणि पूर्वी किंवा पश्चिमी स्टारमध्ये. महायुद्धातला बर्मा स्टार, आफ्रिका स्टार आणि इटली स्टार आघाडी सांगतात, रेजिमेंट सांगत नाहीत.

एवढं जमवलं की रेकॉर्ड ऑफिसला पत्र. पहिलं पत्र साधं असावं, नातेवाईक म्हणून. त्यात नंबर, हुद्दा, नाव, वडिलांचं नाव, गाव-तालुका-जिल्हा, भरतीचं आणि निवृत्तीचं साल, पीपीओ क्रमांक. सोबत मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा. ‘आजोबांची संपूर्ण माहिती द्यावी’ असं लिहिलं की दोन ओळींचं उत्तर येतं. मुद्दे पाडून मागा: भरती आणि निवृत्तीच्या तारखा, ज्या युनिटांत नोकरी केली त्यांची नावं तारखांसह, ट्रेड, पदकं, आणि लाँग रोलमधल्या नोंदीची प्रत.

हे लाँग रोल महत्त्वाचं. ज्यांना पेन्शन लागू झालं नाही अशांची सेवेची कागदपत्रं लष्कराच्या नियमाप्रमाणे निवृत्तीनंतर २५ वर्षांनी नष्ट करतात. पाच-सात वर्षं नोकरी करून घरी आलेल्या आजोबांची फाइल त्यामुळे बहुधा नसतेच. कार्यालय ‘कागद नष्ट’ असं कळवतं आणि लोक तिथंच थांबतात. पण लाँग रोल, म्हणजे एका माणसाला एक नोंद अशी जाडजूड वही, राखून ठेवलेली असते. फाइल नसेल तर लाँग रोलचा उतारा द्या, असं पहिल्याच पत्रात लिहिलं की एक फेरी वाचते.

पत्राला दाद लागली नाही तर माहितीचा अधिकार. ऑनलाइन अर्ज, १० रुपये शुल्क, उत्तराची मुदत ३० दिवस. चुकीच्या कार्यालयात गेलेला अर्ज त्यांनीच ५ दिवसांत पुढे पाठवायचा असतो. बहुतेक अर्ज अडतात ते खासगी माहितीच्या कलम ८(१)(जे) वर. म्हणून वारस असल्याचा पुरावा अर्जासोबतच जोडा. नकार आला तर ३० दिवसांत पहिलं अपील, तेही त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. ‘का’ आणि ‘कसं’ असे प्रश्न या कायद्यात बसत नाहीत. जो कागद असेल त्याची प्रत मागायची.

नावाचा घोळ तर ठरलेला. जुन्या नोंदींत आडनाव पुष्कळदा नसतंच, फक्त ‘गणपत महादू’. शिवाय लिहिणारा कारकून पंजाबचा किंवा मद्रासचा, त्याने कानाला जसं ऐकू आलं तसं इंग्रजीत उतरवलं. गावाच्या नावाचीही तीच गत. जिल्हाही तपासा. सांगली जिल्ह्याचं नाव १९६० पर्यंत दक्षिण सातारा होतं, रायगडचं १९८१ पर्यंत कुलाबा, आणि सिंधुदुर्ग त्याच वर्षी रत्नागिरीतून वेगळा झाला. पत्रात जुनं आणि नवं दोन्ही नाव लिहा.

महायुद्धातल्या आजोबांसाठी वाट थोडी वेगळी. फाळणीत १८ चिलखती रेजिमेंटपैकी १२ भारताकडे आणि ६ पाकिस्तानकडे गेल्या. प्रोबिन्स हॉर्स, गाइड्स, १९ लान्सर्स आता तिकडे आहेत. पण रेजिमेंटची रोजनिशी, म्हणजे वॉर डायरी, लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये बघायला मिळते. फाइलमालिका अशा: ब्रह्मदेशासाठी डब्ल्यूओ १७२, मध्यपूर्वेसाठी १६९, इटलीसाठी १७०. सूची घरबसल्या शोधता येते. प्रती मागवणं महाग पडतं, पण वाचकाचं कार्ड फुकट मिळतं आणि वाचनकक्षात स्वतःच्या मोबाइलने फोटो काढायला पैसे लागत नाहीत. लंडनला कुणी भाचा-पुतण्या असेल तर त्याला रेजिमेंटचं नाव, वर्ष आणि फाइल क्रमांक आधी पाठवून ठेवा. दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’वर शोधा आणि संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागालाही लिहा. आजोबा लढाईत गेले असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातली नावं आहेत. दहन झालेल्यांची आणि बेपत्ता झालेल्यांची नावं स्मारकांवर सापडतात, त्यातलं एक मोठं रंगूनजवळ टाउक्यानला आहे.

डायरी उघडली की पहिल्यांदा निराशा होते. जागा, तारीख, वेळ, घडामोडी असे रकाने, आणि सवाराचं नाव क्वचितच. अधिकाऱ्यांची नावं येतात, बाकीचे आकड्यांत: दोन ठार, पाच जखमी. म्हणून तारखांचा मेळ घालायचा. लाँग रोलवर जखमी झाल्याची तारीख असेल तर डायरीत त्या दिवशी कोणतं स्क्वॉड्रन कुठे होतं ते बघा, मग त्या स्क्वॉड्रनच्या कोणत्या ट्रूपला, म्हणजे छोट्या तुकडीला, मार बसला ते. ‘एमएस १०९’ असं काही दिसलं तर तो मैलाचा दगड, इंफाळकडच्या रस्त्यांवर जागा तशाच सांगत. ‘हार्बर’ म्हणजे रात्री रणगाडे वर्तुळात लावून मुक्काम. महिन्याच्या शेवटची परिशिष्टं सोडू नका. फील्ड रिटर्न (मनुष्यबळाचे तक्ते), हुकूम आणि नकाशे तिथं असतात, आणि फोटो काढताना घाईत नेमकी तीच पानं राहून जातात.