पहिल्या आठवड्यातले तीन किलो

"आठवड्यात तीन किलो उतरले!" मैत्रिणीचा दुपारी मेसेज आला. मी अभिनंदन केलं. तिच्या आनंदावर विरजण घालायची माझी इच्छा नव्हती, म्हणून मनात आलं ते इथे लिहितेय.

त्या तीन किलोंत चरबी थोडीच असणार. यकृत आणि स्नायू मिळून अर्ध्या किलोच्या आसपास ग्लायकोजेन, म्हणजे वेळेला वापरायची राखीव साखर, साठवतात आणि त्याच्या दर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात. खाणं एकदम तोडलं की आधी हा साठा उपसला जातो, पाणी निघून जातं आणि काटा खाली येतो. चार दिवस पोटभर जेवलं की ते पाणी परत येतं. गणित साधं आहे. किलोभर चरबी म्हणजे सुमारे 7,700 कॅलरी. आठवड्यात तीन किलो चरबीच जायची असेल तर रोज 3,300 कॅलरींची तूट हवी. बहुतेकांचा दिवसाचा एकूण खर्चही तेवढा नसतो! 'सात दिवसांत फरक पाहा' म्हणणाऱ्यांना हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. फरक दिसतोच, पण तो पाण्याचा.

वजन असं परत आलं की सगळे मनोनिग्रहाच्या गोष्टी करतात. मला मात्र अमेरिकेत मिनेसोटामध्ये झालेला प्रयोग आठवतो. 1944-45 मध्ये संशोधक अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. हे तरुण युद्धात लढायला तत्त्व म्हणून नकार देऊन स्वखुशीने प्रयोगात आलेले, म्हणजे निग्रहाचा तुटवडा नसलेले. वजन जवळपास पाव हिश्शाने उतरलं खरं, पण माणसं उदास आणि चिडकी झाली, त्यांना सारखी थंडी वाजायची, डोक्यात चोवीस तास खाणं. काहीजण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. त्यांची ही गत, तर दिवसभर राबून आलेल्या माणसाला 'तुझाच निश्चय कच्चा' असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

शरीरही हिशेब लक्षात ठेवतं. टीव्हीवरच्या वजन उतरवण्याच्या स्पर्धेतल्या 14 जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली. केविन हॉल आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2016 मधला. बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलं होतं, पण विश्रांतीच्या वेळचा कॅलरीखर्च मात्र अपेक्षेपेक्षा रोज सरासरी 500 ने कमीच राहिला होता.

म्हणून हल्ली कुठलाही नवा बेत कानावर आला की मी एकच बघते : तापातून उठल्यावर, कामाचा डोंगर असताना, मूड नसताना हे जमेल का? जमणार नसेल तर तो बेत माझ्या कामाचा नाही. चालणं या कसोटीला उतरतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा तास. शिवाय दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम. हा दुसरा भाग आपण सोयीस्करपणे विसरतो. खरं तर वजन उतरताना चरबीसोबत स्नायूही झिजतात, आणि ते राखायला हाच व्यायाम लागतो.

खाण्यात मी काहीच बंद केलेलं नाही. बंद केलेली गोष्ट माझ्या डोक्यात जास्त जागा अडवते. दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या आधी थोडं थांबते, रात्री लवकर जेवते, झोप मोडत नाही. एवढंच. ऐकायला अगदी मिळमिळीत! वजनही रोज बघत नाही, कारण मीठ, झोप, पाळी, कशानेही काटा किलोभर इकडेतिकडे होतो. महिन्याचा कल पाहते आणि कमरेला टेप लावते.

सवय 21 दिवसांत लागते म्हणतात, त्यावर माझा विश्वास नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी केलेल्या अभ्यासात सरासरी 66 दिवस निघाले आणि माणसागणिक अंदाज 18 पासून 254 पर्यंत पसरलेला. मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. मला त्यातला 254 चा आकडा सर्वांत जास्त धीर देतो. चालण्याची सवय मला लवकर लागली. उठाबशांची अजून नाही. त्यांचा दिवस आला की मला हमखास कपाट आवरायची हुक्की येते, आणि आमचं कपाट सध्या कमालीचं नीटनेटकं आहे.